पंधरावी ओळ

खरेदी हा आमचा प्रांत नव्हे. धर्मगुरूच्या वाट्याला खरेदीचे प्रसंग तसे थोडेच येतात. देवळावर पत्रे घालायचे असोत की सभागृहासाठी खुर्च्या आणायच्या असोत, धर्मग्रामातील जाणती मंडळी दहा दुकाने फिरून भाव काढतात आणि आम्ही फक्त मान डोलावतो. त्यामुळे २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आमची धाकटी बहीण आपल्या मुलाला घेऊन आमच्या निवासस्थानी आली आणि "दादा, ह्याला मोबाइल घ्यायचाय. तीन पाहून ठेवलेत. त्यांतला कोणता चांगला ते तू सांग," असे म्हणाली, तेव्हा आम्हांला प्रथम हसूच आले. आमचा स्वतःचा फोन सहा वर्षांचा. काचेवर एक तिरपा तडा. रात्री-अपरात्री कोणाच्या घरी आजारपण वाढले की तो वाजतो आणि आम्ही उठून चपला शोधतो. याहून अधिक काही आम्ही त्याच्याकडून कधी मागितलेले नाही.

भाच्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि आमच्या टेबलावर पसरला. जुन्या कॅलेंडरच्या पानाची ती कोरी बाजू होती. पट्टीने आखलेले तीन रकाने आणि आडव्या चौदा ओळी. रकान्यांच्या माथ्यावर तीन नावे : आयफोन १६ प्रो, सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा, गुगल पिक्सेल ९ प्रो. खाली पडदा, वजन, धातू, प्रोसेसर, कॅमेरे, बॅटरी अशा ओळी. अक्षर मोठे सुवाच्य होते. दहावीच्या वहीत ते तसे कधी आढळले नव्हते, याची आम्ही मनात नोंद केली. शेवटची ओळ किमतीची होती. २५६ जीबी साठवणीच्या फोनास अनुक्रमे १,२९,९०० रुपये, १,२९,९९९ रुपये आणि १,०९,९९९ रुपये.

आम्ही ते आकडे दोनदा वाचले. मग बहिणीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. "ह्याच्या पप्पांची ठेव पुढच्या महिन्यात पुरी होते," ती म्हणाली. "दीड लाखाची आहे."

वाचकहो, त्या क्षणी आमच्या हातून जे झाले ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमचे मेहुणे २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यांनी केळी आणि मोगरा वाढवून जमविलेले ते पैसे. भाच्याने कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेले. हे सारे एकदम आमच्या डोक्यात आले आणि तीस वर्षांची सवय जिभेवर बसली. आम्ही प्रवचन दिले. चैनीवर बोललो, जाहिरातींच्या मायाजालावर बोललो, बापाच्या घामावर बोललो, आणि शेवटी त्या फोनाला 'लाखाचे खेळणे' म्हणालो. वाक्य आम्हांला साधले असे वाटले. भाचा खाली मान घालून ऐकत होता. "बरं, फादरमामा," एवढेच तो म्हणाला आणि उठला. कागद टेबलावरच राहिला.

रात्री जेवण झाल्यावर तो कागद पुन्हा समोर आला. टाकून द्यावा म्हणून उचलला आणि वाचू लागलो. एक गोष्ट कबूल केली पाहिजे : कागद वाचण्याजोगा होता. अशा फोनांना 'फ्लॅगशिप' म्हणतात, हे भाच्याने वरच लिहिले होते. आरमाराच्या ताफ्यात ज्या जहाजावर सेनापतीचे निशाण फडकते ते फ्लॅगशिप. आम्हां वसईकरांना निशाणे आणि जहाजे नवी नाहीत. प्रत्येक कंपनीने आपल्या ताफ्यातील उत्तमोत्तम ते एका फोनात घालावे आणि त्यावर आपले निशाण लावावे, अशी ही रीत. फरक इतकाच की आरमाराचे निशाणाचे जहाज पुष्कळ वर्षे टिके. येथे दर वर्षी नवे येते आणि जुन्यावरचे निशाण उतरते.

कागदावर सॅमसंगच्या रकान्यात कॅमेऱ्याला '२०० मेगापिक्सेल' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आयफोनला ४८ आणि पिक्सेलला ५०. धातूच्या ओळीत पहिल्या दोघांना टायटॅनियम, तिसऱ्याला ॲल्युमिनियम. वजन १९९ ग्रॅम, २३२ ग्रॅम, १९९ ग्रॅम. हे वाचता वाचता आमच्या एक लक्षात आले आणि त्याची थोडी लाजही वाटली : सकाळी ज्याला खेळणे म्हटले, त्या तिघांपैकी एकाला आम्ही मनातल्या मनात पसंत करू लागलो होतो. तुलनेचा स्वभावच असा आहे. दोन वस्तू शेजारी मांडल्या की 'हवी की नको' हा प्रश्न मागे पडतो आणि 'ही की ती' एवढाच उरतो. मग ९९ रुपयांचा फरकसुद्धा मोठा वाटू लागतो आणि वरचे लाखभर दिसेनासे होतात.

त्याच वेळी आम्हांला आमचे वडील आठवले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या वाडीत बावखलावर रहाट होता. तो काढून ऑइल इंजिन बसविण्याचे ठरले. वडिलांनी दोन इंजिने पाहिली. एक कोणत्या तरी बाहेरच्या बनावटीचे होते, अश्वशक्तीने जास्त आणि रंगाने झगझगीत. दुसरे किर्लोस्करचे. गावातील मंडळी ओट्यावर बसून अश्वशक्तीवर वाद घालीत होती. वडील शिकलेले नव्हते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "आपल्या बावखलाला पाणी किती?" आणि "बिघडलं तर मिस्त्री कुठून येणार?" किर्लोस्करचा मिस्त्री शेजारच्या गावातून सायकलवर येत असे. वडिलांनी किर्लोस्कर घेतले. मिस्त्रीची सायकल आमच्या अंगणात कितीदा उभी राहिली असेल, त्याची गणती नाही.

पुढे गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आम्ही घोकली. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर ती कशाची बनली, तिचा आकार काय, ती कोणी बनविली आणि ती कशासाठी आहे, हे चार प्रश्न विचारावेत, असे तो म्हणतो. भाच्याच्या कागदावर टायटॅनियम होते, पडद्याची लांबीरुंदी होती, कंपन्यांची नावे होती. पहिली तीन कारणे चौदा ओळींत भरून उरली होती. चौथ्याला एकही ओळ नव्हती. आमच्या निरक्षर वडिलांनी मात्र नेमका तोच प्रश्न पहिला विचारला होता. आणि सेमिनरीत सात-आठ वर्षे घालविलेल्या आम्ही? आम्ही तो विचारलाच नव्हता. उत्तर ठाऊक आहे असे धरून प्रवचन दिले होते.

आम्ही पेन घेतले, चौदाव्या ओळीखाली पंधरावी आखली आणि लिहिले : 'कशासाठी?'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याला बोलावले. तो आला, पण दारातच उभा राहिला. आम्ही कागद पुढे केला. त्याने पंधरावी ओळ पाहिली, बसला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कामासाठी, फादरमामा."

तो दीड वर्षापासून एका छायाचित्रकाराच्या हाताखाली लग्नांच्या कामावर जात होता. दिवसाचे अडीच हजार मिळत. हे आम्हांला ठाऊक होते, पण कामावर जातो म्हणजे दिवे धरतो, एवढीच आमची समजूत. तो आता स्वतः चित्रण करीत होता. लग्नघरच्या मंडळींना दोन महिन्यांनी येणारी लांबलचक फिल्म हवी असतेच, पण त्याच रात्री नातेवाइकांना पाठविता येईल अशी दीड-दोन मिनिटांची उभी फिल्मही हवी असते. ती फोनवर घ्यायची, फोनवरच कापायची-जोडायची आणि वरात घरी पोहोचायच्या आत पाठवायची. हे काम हाताखालच्या मुलाने स्वतंत्रपणे घ्यायला मालकाची ना नव्हती.

"मग एवढ्या पैशांत खरा कॅमेरा का नाही?" आम्ही विचारले. हा प्रश्न योग्य होता, असे अजूनही वाटते. मोठ्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी पट्टी ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. या फोनांतील मुख्य कॅमेऱ्याची त्या मानाने अंगठ्याच्या नखाएवढी. क्षेत्रफळात दहा-बारा पटींचा फरक. भाच्याने ते मान्य केले. "तो कॅमेरा सरांकडे आहे. मला जे काम मिळतंय ते फोनचंच आहे." दोनशे मेगापिक्सेलखालच्या दोन रेघांबद्दलही त्याने सांगितले. एरवी तो फोन शेजारचे सोळा-सोळा ठिपके एकत्र करून एक करतो आणि साधारण बारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. अंधारात उजेड जास्त गोळा व्हावा म्हणून ही युक्ती. "म्हणजे आकडा मोठा, पण रोजच्या कामात तिघं जवळजवळच," तो म्हणाला. रेघा त्याने महत्त्वासाठी ओढल्या नव्हत्या. खोडण्यासाठी ओढल्या होत्या.

मग त्याने आपला जुना फोन काढला. "एक दाखवू?" त्याने विचारले. चाळीसेक सेकंदांचे चित्रण होते, २०२१ च्या नाताळच्या आठवड्यातले. वेळ दिवेलागणीची. केळीची वाडी, बावखलाचा काठ. आमचे मेहुणे पाणी काढीत होते. मागे आकाश अजून उजळ होते, आणि स्वस्त फोनाला आकाश आणि माणूस दोन्ही एकदम सांभाळता आले नव्हते. केळीची पाने काळी, माणूस काळा. आवाज मात्र स्पष्ट. "पुरे आता, ती बादली घे इकडे." चित्रण संपले.

"आवाज येतो," भाचा म्हणाला. "चेहरा दिसत नाही. मी खूप प्रयत्न केला उजेड वाढवायचा. त्यात चेहरा नाहीच आहे."

आम्ही काय बोलणार? आदल्या दिवशीचे आमचे ते साधलेले वाक्य आमच्याच कानांत वाजत होते. आम्ही त्याची माफी मागितली. मामाने भाच्याची माफी मागावी याची त्याला सवय नव्हती. तो गडबडून उठला आणि "चहा ठेवू का?" म्हणाला.

चहा घेता घेता आम्ही दोघांनी कागद पुन्हा मांडला. या खेपेस पंधरावी ओळ सर्वांत वर. आणि काय आश्चर्य! चौदांपैकी निम्म्या ओळी गळून पडल्या. प्रोसेसरच्या वेगाची ओळ गेली, कारण तिघेही कामाला पुरून उरणारे होते. पडद्याच्या झळाळीची गेली. उरल्या त्या ओळींना मात्र वजन आले.

पांढरा गाऊन आणि गव्हाळ चेहरा एकाच चौकटीत, देवळाच्या मंद उजेडात, दोन्ही खरे दिसले पाहिजेत. गुगलने २०२१ पासून आपल्या फोनांत सावळ्या वर्णाची माणसे खऱ्या रंगात यावीत म्हणून खास प्रयत्न केला आहे, ही पिक्सेलची जमेची बाजू. हलत्या चित्रणात आणि ते पुढे कापण्या-रंगविण्याच्या सोयीत आयफोन सरस, असे भाच्याचे मत. त्यातही एक खोच होती. आयफोनचे सर्वांत उंची दर्जाचे चित्रण मिनिटाला सुमारे सहा जीबी जागा खाते. २५६ जीबीचा फोन पाऊण तासाच्या आतच भरायचा. लग्नाचा मिस्सा तासाचा! आमचे प्रवचन लांबले तर शेवटचा आशीर्वाद चित्रणात यायचा नाही, असे आम्ही म्हणालो तेव्हा तो दोन दिवसांत प्रथमच हसला. नेहमीच्या दर्जाचे चित्रण मिनिटाला सुमारे ४०० एमबीत भागते, म्हणजे तासाला चोवीस जीबी, हेही त्याने सांगितले. आणि तिघांपैकी एकातही मेमरी कार्डाची सोय नाही. म्हणून २५६ जीबी.

पुढची ओळ आयुष्याची. गुगलने २०२३ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ पासून आपल्या या फोनांना सात वर्षे नवी प्रणाली व सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले आहे. आयफोनच्या जाहिरातीत असा आकडा नव्हता, पण २०१८ चा आयफोन २०२४ ची प्रणाली घेत होता, हा अनुभव होता. आम्ही गणित मांडले. एक लाख तीस हजारांचा फोन सात वर्षे वापरला तर वर्षाला साडेअठरा हजार. दोन वर्षांनी बदलला तर पासष्ट हजार. फोन तोच. महाग की स्वस्त हे घेणाऱ्याच्या संयमावर.

शनिवारी आम्ही तिघे स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्याने तिन्ही फोन काउंटरवर मांडले. बहिणीने एकेक हातात घेतला. ती लग्नाआधीपासून फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला गेलेली. वजन तिला हाताने कळते. "किती वेळ धरावा लागतो?" तिने मुलाला विचारले. "तास, दीड तास. हात वर करून." तिने सॅमसंग खाली ठेवला. "हा नको. खांदा धरेल." तेहतीस ग्रॅमांच्या फरकावर एक लाख तीस हजारांचा एक उमेदवार बाद झाला! कागदावर त्या ओळीला आम्ही दोघांनीही महत्त्व दिले नव्हते.

"चार्जर कुठाय?" तिचा पुढचा प्रश्न. तो कोणाच्याच डब्यात नव्हता. एवढ्या पैशांत चार्जरही नाही, यावर तिने जो चेहरा केला तो कोणत्याही कंपनीच्या मालकाने पाहण्यासारखा होता. सुदैवाने आयफोनलाही २०२३ पासून इतरांसारखेच यूएसबी-सी तोंड आले आहे, त्यामुळे घरचा चालणार होता.

दुकानदाराने 'नो कॉस्ट ईएमआय'चा कागद पुढे केला. बिनव्याजी हप्ते. येथे मात्र आमच्या वाचनाचा थोडा उपयोग झाला. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज असते. ते सवलतीच्या रूपाने वळते केलेले असते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व प्रक्रियेचे शुल्क घेणाऱ्याच्या खात्यातून जाते. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळतेच असे नाही. बहिणीने तो कागद शांतपणे परत केला.

आता दोन उरले. आम्ही पिक्सेलच्या बाजूचे होतो. वीस हजार वाचतात, त्यात चांगला माइक आणि तिपाई येते. भाचा घुटमळत होता. तेव्हा बहिणीने विचारले, "तुझे सर कोणता वापरतात?" "आयफोन." "आणि तुझा बंद पडला ऐन लग्नात, तर?" भाचा म्हणाला, "सरांचा जुना घेता येईल. रंगही जुळतील, त्यांच्या आणि माझ्या चित्रणाचे." बहिणीने आमच्याकडे पाहिले. वडिलांच्या इंजिनाची गोष्ट तिला आम्ही सांगितली नव्हती. तेव्हा ती जेमतेम चालू लागली होती. पण प्रश्न तिच्याकडे कसा कोण जाणे पोहोचला होता. मिस्त्री सायकलवर येण्याच्या अंतरावर होता.

आयफोन घेतला. ठेव पुरी झाल्यावर बहिणीने पैसे दिले, पण भेट म्हणून नव्हे. शंभर पानी वहीत तिने पहिल्या पानावर लिहिले : महिना पाच हजार, सव्वीस महिने. सव्वीस पंचे एकशे तीस. "शंभर रुपये जास्त होतात," भाचा म्हणाला. "ते माझे चार्जरचे," ती म्हणाली. तिचा चार्जर त्याने केव्हाच आपल्या खोलीत नेला होता.

त्यानंतर निशाणे उतरत गेली. जानेवारी २०२५ मध्ये सॅमसंगचा एस२५ अल्ट्रा आला, चौदा ग्रॅमांनी हलका. ऑगस्टमध्ये पिक्सेल १० प्रो. सप्टेंबरमध्ये आयफोन १७ प्रो आला, आणि ज्या टायटॅनियमला भाच्याने कागदावर बरोबरची खूण केली होती त्याच्या जागी त्या कंपनीने पुन्हा ॲल्युमिनियम आणले. त्या आठवड्यात भाचा आमच्याकडे आला होता. नवा कसा आहे, आम्ही मुद्दाम विचारले. "लांबचं टिपणारा कॅमेरा बाराचा अठ्ठेचाळीस झालाय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत थोडी चमक होती, ती आम्ही पाहिली. "मग?" "मग काय! वहीत अजून सोळा हप्ते आहेत."

चौदा ओळींच्या त्या कागदाची घडी आमच्या टेबलाच्या खणात आहे. प्रवचन लिहायला बसलो की कधी कधी तो हाताला लागतो आणि आम्ही ऐकणाऱ्यांविषयी काय गृहीत धरले आहे, ते एकदा तपासून पाहतो.

२०२५ च्या नाताळच्या आठवड्यात बहिणीकडे जेवायला गेलो होतो. दिवेलागणीला ती मागच्या वाडीत गेली आणि भाचा फोन घेऊन तिच्यामागे. आकाश तसेच उजळ, केळी तशीच. "कशाला रे माझं काढतोस? पदर बघ कसा झालाय," ती म्हणत होती. थोड्या वेळाने त्याने ते आम्हांला दाखविले. बावखलाचे पाणी दिसत होते, पाने हिरवी दिसत होती. ती रागावल्यासारखे करून हसत होती, आणि कपाळावरची ओली बट मागे सारताना तिचा चेहरा नीट दिसत होता.